फूटपाथवरच्या माणसासाठी कुठे जायचं, काय द्यायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ‘मी ठाण्यात नौपाड्यात राहते. आमच्या इमारतीसमोरच्या बसथांब्यामागे गेले दोन महिने चाळिशीचा एक माणूस बसलेला असतो. केसांच्या जटा झाल्यात, भर उकाड्यात अंगात तीन-चार शर्ट, एक पाय सुजलाय आणि त्यावर जखम आहे. कोणाकडे काही मागत नाही, स्वतःशीच बोलतो. पुढच्या उड्डाणपुलाखाली दोन कुटुंबं राहतात. बायका गजरे करून विकतात, चार मुलं आहेत. सोसायटीत काहीजण म्हणतात, महापालिकेला पत्र देऊन सगळ्यांनाच उचलायला लावू. आमच्या महिला मंडळाकडे १५,००० रुपये जमलेत, त्यातून ब्लँकेटं वाटायचं चाललंय. पोलिसांना सांगितलं तर त्या माणसाला त्रास होईल का? पैसे हातात द्यावेत का? नेमकं काय करावं?’

ताई,

जनगणनेच्या लेखी तो माणूस आणि पुलाखालची कुटुंबं एकाच रकान्यात येतात, ‘बेघर’. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभर ही मोजदाद झाली, तेव्हा फूटपाथ, पूल, फलाट, देवळांच्या ओवऱ्या अशा ठिकाणी १७ लाख ७० हजारांवर माणसं सापडली. त्यातली महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. रकाना एक असला तरी रस्त्यावर येण्याची कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे. तुमच्या त्या माणसाला दवाखाना हवाय. पुलाखालच्यांना कागदपत्रं, संडास आणि पावसाळ्यापुरतं डोक्यावर काहीतरी हवंय. ठाण्याच्या हवेत ब्लँकेट दोघांच्याही यादीत बरंच खाली येईल. आणि ‘उचलायला लावणं’ दोघांच्याही मुळावर येतं, ते कसं हे पुढे येईलच.

घाई त्या पायाची आहे, म्हणून आधी त्याचं.

पत्रावरून निदान करता येत नाही. पण उकाड्यात कपड्यांवर कपडे, स्वतःशी बोलणं आणि कोणाकडे काहीच न मागणं, हे तिन्ही एकत्र दिसलं की उपचार न झालेल्या मानसिक आजाराची शक्यता मोठी असते. भीक मागणारा गर्दीकडे तोंड करून बसतो, हा गर्दीकडे पाठ करून बसलेला असतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषध सुटतं, माणूस घरातून निघतो, दिसेल त्या गाडीत बसतो आणि गाडी संपते तिथे उतरतो. मुंबई-ठाणे हे बऱ्याच गाड्यांचं शेवटचं ठिकाण. म्हणून इथल्या रस्त्यांवर बिहार, ओडिशा, बंगाल, आंध्रातली माणसं सापडतात आणि घरचे तिकडे शोधून थकलेले असतात.

जखमेला वास येत असेल, कडा काळ्या पडल्या असतील, अळ्या दिसत असतील किंवा माणूस तापाने ग्लानीत असेल, तर ओळख वाढवण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी १०८ ला फोन करा. जखमेवर फिनेल, रॉकेल, चुना, हळद काहीही ओतू नका. लोक हे चांगल्या हेतूने करतात आणि जिवंत कातडी भाजून बसते. मधुमेह असेल तर पाय जायला वेळ लागत नाही.

तितकी निकड नसेल तर दोन-तीन दिवस ओळख होऊ द्या. रोज एकाच वेळी, एकाच व्यक्तीने जायचं, सोबत फार तर आणखी एकजण. समोर उभं राहायचं नाही. बाजूला, दोन हात अंतर ठेवून खाली बसायचं. पाण्याची बाटली त्याच्यासमोर उघडायची आणि मधे ठेवायची, हातात कोंबायची नाही. त्याच्या गाठोड्याला हात लावायचा नाही, आपल्याला तो कचरा वाटला तरी. घेतलं नाही तर ठेवून निघून यायचं. खायला केळं, मऊ भात-वरण, बिस्किटं, तेही थोडं थोडं. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम बिर्याणी किंवा पोटभर पुरी-भाजी दिली, की रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस झपाट्याने उतरतं आणि हृदयावर येतं. लग्नातलं उरलेलं जेवण वाटणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं.

या दिवसांत एका वहीत तो जे बोलेल ते, जसं ऐकू येईल तसं, लिहून ठेवा. अर्थ लावू नका. ‘तू इथे का आलास’ विचारून काही हाती लागत नाही. ‘घर कुठे’ याचंही उत्तर येईलच असं नाही. पण ‘थाना कौन सा, पोस्ट कौन सा’ विचारलं तर उत्तरेकडचा माणूस कधीकधी पटकन बोलून जातो, कारण तिकडे पत्ता तसाच सांगायची सवय असते. जवळचं स्टेशन, आठवड्याच्या बाजाराचं गाव, शाळेचं नाव विचारा. हातावर गोंदण आहे का बघा: नाव असेल तर उत्तमच, नसलं तरी लिपीवरून राज्य कळतं. उडिया, तेलुगू किंवा बंगाली बोलणारं कोणी तुमच्या इमारतीत, वॉचमनमध्ये, इस्त्रीवाल्यांत असेल तर एक दिवस त्याला सोबत न्या. आपल्या भाषेतले दोन शब्द कानावर पडले की दोन महिने गप्प असलेला माणूसही मान वर करतो.

फोटो काढायचा तर पोलिसांना आणि रुग्णालयाला द्यायला चेहऱ्याचा एकच, पुरे. रस्त्यावर धरून आंघोळ घालायची, जटा कापायच्या आणि ‘आधी-नंतर’चा व्हिडिओ टाकायचा, ही टूम निघाली आहे. आजार होता तिथेच राहतो, भेदरलेला माणूस तिथून निघून जातो आणि ज्यांनी ओळख करून घेतली त्यांच्या हातूनही निसटतो.

आता पोलीस. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे, हद्दीत भटकणारी, मानसिक आजाराची आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. संरक्षणात घेतल्यापासून २४ तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. कोठडीत ठेवायला बंदी आहे. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून कुटुंबाचा शोध घेणंही त्यांच्याचकडे. तोंडी सांगून ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं, म्हणून लेखी द्या, दोन प्रतींत:

‘प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक. विषय: मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७, कलम १०० नुसार संरक्षण व उपचार मिळणेबाबत. अमुक बसथांब्यामागे अंदाजे ४० वर्षांचा अनोळखी पुरुष सुमारे दोन महिन्यांपासून उघड्यावर आहे. स्वतःशी बोलतो, स्वतःची काळजी घेऊ शकत नाही. पायाला सूज व जखम आहे. त्यास संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे व हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यावा, ही विनंती. रुग्णालयात सोबत थांबण्यास आम्ही तयार आहोत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पोलीस ठाण्याची खरी अडचण बहुतेक वेळा ही असते की एक शिपाई दिवसभर रुग्णालयात अडकणार. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. अर्जात ‘भिकारी’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. त्याने कायदाच बदलतो. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. त्यात उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरतो एवढ्यावरही धरता येतं आणि पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती या कायद्यातली अनेक कलमं रद्द केली, आपल्याकडे ती चालू आहेत. सोसायटीचं ‘उचलायला लावा’ हे पत्र आजारी माणसाला नेमकं या रुळावर ढकलू शकतं.

पोलीस ठाण्यात दोन उत्तरं मिळू शकतात. एक, ‘आमची हद्द नाही’: तेव्हा ज्यांची हद्द आहे त्या ठाण्याचं नाव लेखी मागा. दुसरं, ‘दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणा’. मानसिक आरोग्याच्या १९८७ च्या जुन्या कायद्यात अशा माणसाला आधी दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागायचं. नवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि आता थेट आरोग्य संस्थेतच न्यायचं आहे. तरीही हलत नसतील तर सहायक पोलीस आयुक्तांकडे प्रत द्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला गाठा. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे आणि मानसिक आजाराच्या व्यक्तीला त्यांची मदत मोफत मिळते. पोलिसांकडून त्रास होईल का, हे तुम्ही विचारलंत. त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे न्यायला येतील तेव्हा तुमच्यापैकी दोघीतिघींनी तिथे हजर राहून गाडीतून सोबत जाणं. ज्याच्या हातून तो रोज पाणी घेतो ती व्यक्ती सोबत असेल तर ओढाताणीची वेळच बहुधा येत नाही.

गाडं जास्त करून पुढे रुग्णालयात अडतं. साधं रुग्णालय म्हणतं, ‘मनोरुग्ण आहे, तिकडे न्या’. मनोरुग्णालय म्हणतं, ‘जखम आहे, आधी ती दाखवून या’. या खेळात रात्र होते आणि माणूस निघून जातो. म्हणून क्रम धरा: आधी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात, तुमच्याकडे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, जखमेवर उपचार. त्याच केसपेपरवर मानसोपचार विभागाचं मत लिहून मागायचं. मग पोलिसांच्या पत्रासह ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. राज्यात अशी चार जुनी मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, आणि त्यातलं एक तुमच्याच शहरात आहे हे त्या माणसाचं नशीब. अपघात विभागात ‘सोबत कोण?’ विचारतील. नातेवाईक म्हणून सही करू नका. ‘आणून सोडणारे’ म्हणून नाव द्या आणि रुग्णाची नोंद अनोळखी अशी होऊ द्या. पहिले २४ तास तिघींनी आठ-आठ तास वाटून बसा, कारण पळून जाण्याचा धोका त्याच वेळात असतो. समाजसेवा अधीक्षक हे पद मोठ्या सरकारी रुग्णालयांत असतं, त्यांना गाठा. बाहेरून आणायची औषधं, कपडे, पुढची रवानगी त्यांच्यामार्फत सोपी जाते. आधार कार्ड नाही म्हणून कोणी अडवलं तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ दाखवा: निराधार आणि बेघर व्यक्तींना मानसिक उपचार मोफत आहेत.

संस्थांपैकी कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन नेमकं हेच काम करते, रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचं. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो यासाठीच. पण कुठल्याही संस्थेत खाटा मोजक्याच असतात. आधी फोन करा, पोलिसांचं पत्र तयार ठेवा, गाडी करून दारात नेऊन सोडू नका. नाव माहीत नसलेल्या एखाद्या ‘आश्रमा’त पाठवण्याआधी तो मानसिक आरोग्य संस्था म्हणून नोंदलेला आहे का विचारा आणि आत जाऊन बघून या. माणसाला साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तीत साखळदंडात असलेली २८ माणसं गेली होती.

औषधं नीट सुरू झाली की काही आठवड्यांत बरेचजण आपलं नाव-गाव सांगू लागतात. तेव्हा तुमच्या वहीतली ती अर्धवट नावं कामाला येतात. घरी पोचल्यावर मात्र औषध सुटलं तर तो पुन्हा गाडीत बसेल. म्हणून निघताना निदान महिन्याच्या गोळ्या आणि त्याच्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या दिवशी असतो हे कागदावर लिहून घ्यायला सांगा.

आता पुलाखालची कुटुंबं. ही माणसं आळशी नाहीत की वाट चुकलेली नाहीत; रोज कामावर जाणारी आहेत. फुलं पहाटे घाऊक बाजारातून आणायची, दुपारभर ओवायची, संध्याकाळी सिग्नलवर विकायची. हा धंदा बदलापूरला राहून होत नाही, गाडीभाड्यातच नफा जातो. जवळच्या वस्तीत खोली घ्यायची तर भाड्याआधी अनामत, दलाली, अकरा महिन्यांचा करार आणि ओळखपत्र लागतं. रोजच्या रोज कमावणाऱ्याकडे एकरकमी हजारो रुपये साठत नाहीत, कारण साठवायला कुलूपबंद जागाच नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात हेच मान्य केलं, की माणसं फूटपाथवर राहतात ती पोटासाठी, कामाजवळ, आणि जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजना मात्र झोपडीला घर देतात. ज्याला झोपडीही नाही तो त्या यादीत कुठेच बसत नाही.

महापालिकेची निवारा केंद्रं आहेत. केंद्राच्या निकषाप्रमाणे शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा आणि चोवीस तास उघडा, असं हवं. तुम्ही त्यांना ‘तिकडे जा’ म्हणण्याआधी समाजविकास विभागातून पत्ता घेऊन स्वतः एक चक्कर मारा आणि विचारा: कुटुंब एकत्र राहू शकतं का, की बाप एका निवाऱ्यात आणि आई-मुलं दुसऱ्यात? रात्री प्रवेश किती वाजेपर्यंत? टोपल्या, शेगडी, पेटी कुठे ठेवायची? लोक निवाऱ्यात जात नाहीत ते बहुतेक याच तीन कारणांनी.

कागदपत्रांचं काम तुमच्या मंडळाला सगळ्यात चांगलं जमेल. आधी प्रत्येकाचं गाव विचारा आणि गावी रेशन कार्ड आहे का ते. असेल तर ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे तेच धान्य ठाण्यातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो; हवं तर थोडं इथे, बाकीचं गावी. कुटुंबातल्या सगळ्यांची ई-केवायसी झालेली हवी. फुलं ओवून, भांडी घासून बोटांचे ठसे उमटेनासे होतात, तेव्हा घरातल्या ज्याचा अंगठा मशीन घेतं त्याला पाठवायचं.

आधारच नसेल तर पत्त्याच्या पुराव्याऐवजी आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. ते मान्यताप्राप्त निवाऱ्याचे प्रमुख, आमदार किंवा राजपत्रित अधिकारी देऊ शकतात आणि ते तीनच महिने चालतं. म्हणून केंद्रावरची वेळ आधी घ्यायची, सही मग. नवीन नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. बाईचा दिवस मात्र मोडतो, तेवढा तिचा त्या दिवसाचा गल्ला मंडळाने भरून द्यावा; नाहीतर ती येणार नाही आणि आपण म्हणू, ‘यांनाच नकोय’. पुढे शून्य शिल्लकीचं जनधन खातं. मतदार नोंदणीला तर घराचा कागदही लागत नाही: अर्ज क्रमांक ६ मध्ये ‘अमुक उड्डाणपुलाखाली’ असाच पत्ता लिहायचा, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून जास्त रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का बघतो, आणि तेवढं पुरतं. बायकांत कोणी विधवा असेल तर संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा. महिना १,५०० रुपये मिळतात, पण १५ वर्षांच्या रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, अर्ज तिथेच अडतात.

मुलांना वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळायला हवा आणि जन्मदाखला नाही म्हणून शाळा नाकारू शकत नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन मूल एकटं, हरवलेलं किंवा कोणी छळत असेल तर जरूर करा. आईजवळ झोपलेलं मूल केवळ फूटपाथवर आहे म्हणून तो करू नका. मूल बाल कल्याण समितीपुढे जातं आणि बेघर आईला ते परत मिळवताना कागद दाखवावे लागतात, जे तिच्याकडे नाहीत.

तर ते १५,००० रुपये. ब्लँकेटं डिसेंबरात सगळेच वाटतात. दिवसा ती ठेवायला जागा नसते आणि अतिक्रमणाची गाडी आली की पहिली तीच जातात. आमच्या मते ५,००० त्या माणसाच्या रुग्णालयासाठी राखून ठेवा: बाहेरची औषधं, दोन जोड कपडे, चपला, बसणाऱ्यांचं रिक्षाभाडं. ४,००० मधे मेअखेर दोन जाड ताडपत्र्या, नायलॉनची दोरी आणि मच्छरदाण्या. ३,५०० मुलांची दप्तरं, चपला, रेनकोट. २,५०० फोटो, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं, मोडलेल्या दिवसांची भरपाई, आणि प्रत्येक कुटुंबाला चेनवाली प्लॅस्टिकची कागदांची पिशवी. मूळ कागद त्यांच्याचकडे, झेरॉक्सचा एक संच तुमच्या मंडळात, कारण गाडी आली की कागदही जातात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सिग्नलवर मुलांच्या हातात नाणी देऊ नका. त्यांची कमाई सुरू झाली की शाळा सुटते. मोठ्यांना देणं न देणं तुमच्यावर. रोख दिल्याने कोणी बिघडत नाही, पण गजरा विकत घेणं जास्त बरं.

सोसायटीच्या बैठकीत घाणीचा मुद्दा येईल आणि तो खोटा नाही. दहाएक माणसांना दिवसातून दोनदा पैसे मोजून शौचालय परवडत नाही आणि अनेक ठिकाणी रात्री त्याला कुलूप लागतं. सोसायटीच्या लेटरहेडवर प्रभाग समितीला पत्र जाणारच असेल तर त्यात मागणी ही लिहा: जवळचं सार्वजनिक शौचालय रात्रीही उघडं ठेवावं, या कुटुंबांना मासिक पास द्यावा, पुलाच्या टोकाला कचऱ्याचा डबा आणि नळ द्यावा, आणि समाजविकास विभागाने येऊन त्यांची नोंद घ्यावी. आवक क्रमांक याही पत्राचा घ्या.